थोरल्या पातीचं पाणी

"सर, तुमच्याकडे पाणी चढावर चालतं का?"

हा प्रश्न मी विचारला. मी म्हणजे इरावती, अकरावी 'ब', मुक्काम देवास. आणि विचारला कुठे? शाळेच्या सभागृहात, माइकवर, साडेचारशे पोरींसमोर!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर ऐका. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट मॅम' इतकं हळू म्हणायचे, की वर्गात बसल्या बसल्या माझ्या अकरा गैरहजेऱ्या लागल्या होत्या. मग यंदा वादविवाद स्पर्धेत माझं नाव चुकून गेलं, मी चुकून बोलले आणि चुकून दुसरा नंबरही आला. तेव्हापासून माझा आवाज जो सुटलाय, तो आमच्या दारातून थेट टेकडीवरच्या देवळापर्यंत जातो, असं आई म्हणते. ती हे कौतुकानं म्हणत नाही.

त्या दिवशी एक इंजिनीअर साहेब 'पावसाचं पाणी आणि आपण' या विषयावर भाषण द्यायला आले होते. पडद्यावर फोटो दाखवून म्हणाले, "ही बघा आम्ही नव्यानं बांधलेली आदर्श नाली." बघते तर काय, आमचीच गल्ली! फोटोत आमचं फाटक होतं आणि फाटकावर वाळत घातलेलं बाबांचं बनियनसुद्धा!

अंकितानं मला कोपर मारलं. "इरा, ही तीच ना, जिचं पाणी अक्कांच्या अंगणात शिरतं?"

"तीच. तिचा शेवटचा तुकडा चढावर बांधलाय."

"मग विचार ना त्यांना!"

"मी?"

"एक प्लेट भुट्ट्याचा कीस. माझ्याकडून."

"वरून जिरावण!" मागून चिऊ म्हणाली.

जिरावण म्हणजे आमच्या माळव्याचा चटकदार मसाला. त्याच्यापाशी मी विरघळले. उठले आणि विचारलं.

सभागृह असं हसलं की पंखे हलले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बेटा, बोलना आसान है. इतना आता है तो खुद करके दिखाओ!"

सभागृह परत हसलं. या वेळी मला.

"दाखवते!" मी म्हणाले. मराठीत. माइक चालूच होता.

झालं! आता दाखवायला हवं होतं.

तर आमच्या गल्लीची गोष्ट अशी. देवासला पूर्वी दोन राज्यं होती. एकाच गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या गल्लीच्या मधोमध त्यांची हद्द जायची. डावी बाजू थोरल्यांची, उजवी धाकट्यांची. राज्यं विलीन होऊन पाऊणशे वर्षं झाली, पण नाल्यांना ते कुणी कळवलेलं नाही. डावी नाली डावीकडूनच जाते, उजवी उजवीकडून. उजवीला शेवटी ओढ्यात उतरायला छान दगडी तोंड आहे. डावीला तोंडच नाही! टेकडीकडून येणारं सगळं पाणी मात्र हिच्यातूनच. ते गल्लीच्या टोकाला येतं, चढ बघून थबकतं, आणि मग शेवटच्या घराच्या अंगणातून धावत जाऊन मागच्या मातीच्या कडेवरून ओढ्यात उडी मारतं. जाताना घमेलंभर माती घेऊन.

ते शेवटचं घर अक्कांचं.

अक्का एकट्या राहतात. मला मराठी वाचायला त्यांनीच शिकवलं. शाळेत सगळं हिंदी, त्यामुळे आठवीपर्यंत मी लग्नपत्रिकासुद्धा हप्त्याहप्त्यानं वाचायचे. अक्कांनी मला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावलं, आणि प्रत्येक पानाला एक बेसनाची वडी दिली. आज तुम्ही हे वाचताय ते त्या वड्यांमुळे.

तर दर पावसाळ्यात अक्कांची ती कड आत आत सरकत होती. आधी अळूचं आळं गेलं. मग कपडे वाळत घालायचा खांब गेला, दोन परकर आणि एक चादर घेऊन. आता कडेपासून न्हाणीघरापर्यंत फक्त साडेतीन फूट जमीन उरली होती. अक्कांचा मुलगा भूपेंद्रदादा इंदूरला असतो. तो आला की आधी टेप काढून ते अंतर मोजतो, मग आईला नमस्कार करतो.

"आई, अबकी बार बोटभर जरी सरकली ना," तो गेल्या वेळी म्हणाला होता, "तर मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप, आणि तू इंदूरला."

तो गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "सातव्या मजल्यावर घर आहे गं त्याचं. चांगलं आहे. सगळे दिवसभर कामावर. तिथे लिफ्टमध्ये एक बाई मजला सांगते ना, तेवढीच काय ती माझ्याशी बोलते."

आता सांगा, मी गप्प बसणार होते का?

माझी योजना तयार होती. पाणी चढावर चढत नाही, ठीक आहे. मग अक्कांच्या घराच्या अलीकडेच त्याला डावीकडून उजवीकडे वळवायचं! तिथे नळाची पाइपलाइन टाकायला गल्ली आडवी खोदली होती आणि कुणी बुजवली नव्हती, त्यामुळे सिमेंट फोडायची गरजच नाही. आडवा चर सरळ समोर आमच्या फाटकाशी आणायचा. तिथून उजवी नाली मातीनं बुजलेली होती, ती उकरायची, की पाणी शेजारी तात्यासाहेबांच्या ओट्याखालून जाऊन दगडी तोंडातून ओढ्यात! आणि तोवर आधार म्हणून अक्कांच्या कडेला वाळूच्या गोण्या रचायच्या. सोपं! दोन रविवारचं काम!

अडचण एकच. तात्यासाहेब.

तात्यासाहेबांच्या घराण्यात धाकट्या पातीच्या दरबाराचं दफ्तर होतं. दरबार गेला, दफ्तर गेलं, पण तात्यासाहेब रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसतात. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तात्यासाहेब, तुमच्या ओट्याखालून थोडं पाणी न्यायचंय."

"कुणाचं?"

"पावसाचं."

"ते समजलं. कुठल्या बाजूचं?"

"डावीकडचं."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे थोरल्या पातीचं पाणी धाकट्या पातीतून जाणार?"

"तात्यासाहेब, ते ढगातलं पाणी आहे!"

"ढग कुठल्या बाजूला होता?"

मी दोन्ही हात पसरून सांगितलं, "मधोमध होता. बरोब्बर हद्दीवर!"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अक्काबाईंच्या घराला धोका आहे म्हणून विचार करतो. पण तोंडी नाही. करार हवा."

आणि करार झाला! फुलस्केप कागदावर, तात्यासाहेबांच्या वळणदार अक्षरात. कलम पहिलं: थोरल्या पातीचं पाणी धाकट्या पातीच्या हद्दीत खालमानेनं येईल. कलम दुसरं: येताना पानं, पिशव्या, चपला वगैरे लवाजमा आणणार नाही. कलम तिसरं: ओट्याखालून जाताना खळखळ करणार नाही, विशेषतः दुपारी दोन ते चार.

मी कागद घेऊन अक्कांकडे सहीला गेले. अक्कांनी तो दोनदा वाचला.

"सही करते," त्या म्हणाल्या. "पण त्यांना सांग, आमचं पाणी आल्यावर त्यांच्या नालीला तिच्या जन्मात पहिल्यांदा काम मिळेल."

मी हे तात्यासाहेबांना सांगितलं नाही. मी नुसती बोलकी झालेय, वेडी नाही.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. फत्तेसिंग काका मिस्त्री आमच्या ओळखीचे. ते मराठीत वाक्य सुरू करतात आणि संपेपर्यंत माळव्यात पोचतात. त्यांनी एक लांबलचक पारदर्शक नळी आणली.

"हे बघ बेटा, हिच्यात पाणी भरायचं. एक टोक तू धर, एक तुझी मैत्रीण धरेल. दोन्हीकडचं पाणी एका लेव्हलला रेता है. त्यावरून उतार काढायचा. दर दहा फुटाला दोन बोटं खाली. समझी के नी?"

"समजलं!"

"पूरी बात तो सुन ले..."

"समजलं, काका! तुम्ही निश्चिंत जा!"

त्यांना आठ-दहा दिवस सोनकच्छच्या कामावर जायचं होतं, बस सुटत होती. ते गेले. मी नळी नळाला लावली, भरली, आणि आम्ही माप घ्यायला लागलो.

"इरा," चिऊ म्हणाली, "नळीत मधेच एक बुडबुडा आहे."

"असू दे."

"चांगला लांबलचक आहे. बोटभर."

"अगं असू दे ना! पाणीही श्वास घेतं!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणाले.

आम्ही चुन्यानं खुणा केल्या आणि खोदायला लागलो. मी, अंकिता, चिऊ आणि बाबा. बाबा विमा एजंट आहेत, त्यांचा कुदळीशी फक्त फॉर्मवर संबंध येतो. पहिल्याच घावाला त्यांनी स्वतःची चप्पल वाचवली आणि म्हणाले, "इरा, याला अपघात विमा लागतो." तात्यासाहेब छत्री घेऊन हद्दीवर उभे राहिले आणि कुदळ मधली रेघ ओलांडताना प्रत्येक वेळी घसा खाकरत राहिले. अक्कांनी सगळ्यांना पोहे दिले. तात्यासाहेबांनी ते नाकारले, मग करारात पोह्यांबद्दल काही नाही हे लक्षात आल्यावर दोन प्लेटी खाल्ल्या.

दुसऱ्या रविवारी चर तयार! चाचणी म्हणून मी त्यात एक बादली पाणी ओतलं. कोरड्या मातीनं ते गटकन पिऊन टाकलं.

"गेलं की नाही?" मी म्हणाले.

"गेलं," अंकिता म्हणाली. "पण कुठे?"

"पुढे!"

चाचणी यशस्वी झाली.

मग राहिल्या गोण्या. फत्तेसिंग काकांच्या एका कामावर वाळू उरली होती, अगदी स्वच्छ, नर्मदेची. बावीस गोण्या भरल्या, सुतळीनं तोंडं बांधली आणि अक्कांच्या कडेवर रचल्या. काय दिसत होत्या! किल्ल्याची तटबंदी! मी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून फोटो काढला आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'नर्मदेची स्वच्छ वाळू! गल्लीच्या सेवेत, आपल्या सगळ्यांसाठी! – इरावती.'

दोन मिनिटांत सदतीस अंगठे आणि अठरा हात जोडलेले आले. राजाबाई काकूंनी तर लिहिलं, 'धन्य ती मुलगी.' मी तो मेसेज अकरा वेळा वाचला. एवढे हात जोडलेले का आलेत, याचा विचार एकदाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी हरतालिका होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हरतालिकेला बायका वाळूची पिंड करतात. वाळू हवी ती नदीची, स्वच्छ, खडे नसलेली. आणि गावात अशी वाळू मिळवायची म्हणजे दरवर्षी केवढी पायपीट! कुणाच्या तरी बांधकामावरून, वॉचमनची नजर चुकवून, पदराआड वाटी धरून आणावी लागते. आणि यंदा? यंदा घराच्या मागे, बावीस गोण्या, आणि वर लेखी आमंत्रण!

मी सकाळी उशिरा उठले. बाहेर आले तर समोरून राजाबाई काकू येत होत्या. हातात स्टीलचा डबा. मोठा. कडीवाला.

"इरा! सुखी राहा गं बाई! दरवर्षी वाळूसाठी जीव जातो. काय सेवा केलीस!"

"कसली सेवा काकू?"

"अगं, जास्त नाही घेतली. माझ्यापुरती, सुनेपुरती, आणि नणंद येते तिच्यापुरती."

मी धावत अक्कांच्या मागच्या अंगणात गेले. तिथे रांग होती! देवळात असते तशी! वाट्या, तांब्याची घंगाळं, दुधाच्या किटल्या. एक बाई तर मी कधी बघितलेलीच नव्हती. ती म्हणाली की तिला शेजारच्या मोहल्ल्यातल्या बहिणीनं फोटो पाठवला. आणि गोण्या? हवा गेलेल्या फुग्यांसारख्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

"अहो काकू, मावशी, थांबा! ही वाळू पुरासाठी आहे!"

"पूजेसाठीच नेतोय बाळा," रांगेतली शेवटची आजी प्रेमानं म्हणाली. तिला कमी ऐकू येतं. तिनं शेवटच्या गोणीचा तळ झटकून घेतला.

मी घरी येऊन किंचाळले. "आई! बायकांनी माझी सगळी वाळू नेली!"

आई पाटासमोर बसली होती. निर्जळी उपास, कपाळाला आठ्या, आणि समोर एक सुबक, भरगच्च, भलीमोठी पिंड.

"आई, तू पण?"

"मी दोनच ओंजळी घेतल्या. तुझीच आई आहे, मला हक्क नाही?" मग माझं तोंड बघून म्हणाली, "अगं, उद्या विसर्जन झालं की देतील सगळ्या परत."

"आई, पाऊस आज येतोय!"

आणि खरोखर, टेकडीच्या मागून आभाळ काळं होत होतं.

दुपारी दोनला पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, वरून कुणी टाकीचा व्हॉल्व्हच उघडला होता! पंधरा मिनिटांत डावी नाली भरून वाहू लागली. आणि नेमकी त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी आली. भूपेंद्रदादा! उद्या गणपती, म्हणून आईला आजच न्यायला आला होता. अक्कांचा गणपती हल्ली त्याच्याकडेच बसतो.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं दिसायला लागलं: रिकाम्या गोण्या, कोसळलेली कड, दादाचा टेप, घराला कुलूप. आणि अक्का सातव्या मजल्यावर, लिफ्टमधल्या बाईशी गप्पा मारताना.

मी छत्री टाकून धावले. दादाच्या आधी अंगणात पोचले, डोळे मिटले, उघडले...

अंगण कोरडं होतं!

म्हणजे पावसानं ओलं होतं, पण पाण्याचा लोंढा? नाहीच! कड जिथल्या तिथे. नालीतलं पाणी अक्कांच्या घराच्या अलीकडे आज्ञाधारक मुलासारखं वळत होतं आणि माझ्या चरातून ऐटीत गल्ली ओलांडत होतं! वाळूची गरजच नव्हती! चर चालला होता!

मागून दादा आला. टेप काढला. कडेपासून न्हाणीघरापर्यंत लावला, वाकून बघितला, परत लावला.

"साडेतीन," तो म्हणाला.

"साडेतीन!" मी ओरडले.

"साडेतीन," दारातून अक्का म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

मी तिथेच, भर पावसात, भाषण सुरू केलं. "दादा, पाण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. लोक नाली बांधतात, पण उताराचा विचार करत नाहीत. मी प्रत्येक फुटाचा उतार..."

"इराssss!"

ही हाक आमच्या घरातून आली. माझा आवाज देवळापर्यंत जातो म्हणून सांगितलं ना? तो कुणाकडून आलाय ते तेव्हा कळलं.

मी वळून बघितलं. पाणी चरातून गल्ली ओलांडत होतं, हे खरं. आमच्या फाटकाशी पोचत होतं, हेही खरं. पण तिथून त्यानं वळून तात्यासाहेबांच्या ओट्याखाली जायचं होतं. ते जात नव्हतं. ते फाटकाशी थांबत होतं, जमत होतं, आणि मग बोलावलेल्या पाहुण्यासारखं सरळ आत शिरत होतं! त्यात आमची गल्ली अशी की दर चारपाच वर्षांनी कुणीतरी सिमेंटचा नवा थर चढवून जातं. रस्ता वर चढत गेला आणि आमचं घर दोन पायऱ्या खाली गेलं. पाण्याला आणखी काय हवं?

मी घरात पोचले तेव्हा पुढच्या खोलीत घोट्याच्या वर पाणी होतं. उद्याच्या गणपतीची सजावट झाली होती. त्यातली कापडी कमळं सोफ्याभोवती इतकी सुंदर तरंगत होती की क्षणभर वाटलं, ही कल्पना आधीच सुचायला हवी होती. बाबा खुर्चीवर मांडी घालून बसले होते, मांडीवर लोकांच्या पॉलिसीच्या फायली. आई निर्जळी उपासात, गुडघ्यापर्यंत साडी खोचून, बादलीनं पाणी बाहेर फेकत होती. निर्जळी! आणि चहूकडे पाणी! मी हे बोलून दाखवलं नाही.

"बाबा, घराचा विमा आहे ना?"

"गल्लीत सगळ्यांचा आहे," बाबा शांतपणे म्हणाले.

"आणि आपला?"

"सगळ्यांचा करता करता राहिला."

तेवढ्यात सोनकच्छहून फत्तेसिंग काका परतले. डोक्यावर पोतं, पँट दुमडलेली. त्यांनी फाटकाशी वाकून चरात हात घातला, मग तात्यासाहेबांच्या ओट्यापाशी हात घातला, मग माझ्याकडे बघितलं.

"बेटा, नळीत हवा तो नी थी?"

"नाही. म्हणजे... एकच बुडबुडा होता."

"कितना बड़ा?"

मी बोट दाखवलं. अख्खं.

"बस. एक टोक तेवढंच खोटं बोललं." त्यांनी डोक्याला हात लावला. "सबसे नीचा तेरा फाटक बना दिया. मैं बोल रिया था, पूरी बात सुन ले. नळीतली हवा पहले काढायची, मग माप."

ओट्यावरून तात्यासाहेब हे सगळं बघत होते. त्यांच्या ओट्याखाली एक थेंब नव्हता. हातात करारनामा होता.

"पोरी," ते म्हणाले, "थोरल्या पातीचं पाणी अजून आलं नाही. आम्ही दोनपासून वाट बघतोय."

अकरा गैरहजेऱ्यांच्या काळातला माझा आवाज परत आला होता. आणि तेवढ्यात समोर दिसलं: भूपेंद्रदादा अक्कांची बॅग गाडीत ठेवत होता.

मी परत धावले. "दादा! साडेतीन फूट आहे ना! मग?"

"इरा, यंदा वाचली गं. पण मी बघितल्या त्या गोण्या. पुढच्या पावसाला काय? रोज मी तिथे बसून याचीच चिंता करायची?" तो वाईट बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. "आई, चल. कुलूप कुठाय?"

अक्का पायरीवर उभ्या होत्या. हातात कुलूप. त्या ते नुसतं उघडत होत्या आणि बंद करत होत्या.

मी त्या कुलपाकडे बघितलं. मग वळून आमच्या घराकडे बघितलं, जिथून आई बादलीनं एक कमळ बाहेर फेकत होती. आणि माझ्या डोक्यात जे आलं ना, ते नळी न लावता आलं.

"अक्का," मी म्हणाले, "आमच्या घरात पाणी शिरलंय. तुमच्याकडे जागा आहे का?"

कुलूप थांबलं.

"किती माणसं?" अक्कांनी विचारलं.

"तीन. आणि एक गणपती."

"मागची खोली मोकळीच आहे," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा झाला. "भूपेंद्र, ती बॅग आण परत. घरात पाहुणे आहेत, उद्या गणपती बसतोय. घराला कुलूप कसं लावायचं?"

दादानं माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आई-बाबांनी विचारायला पाठवलंय?"

"हो!" मी म्हणाले. चांगला खणखणीत, देवळापर्यंत जाणारा हो.

दादा डोकं खाजवत बॅग काढायला वळला. अक्कांनी चहाचं आधण ठेवलं ते मी बाहेर निघताना ऐकलं. आता फक्त एक छोटीशी बाब राहिली होती.

मी घरात शिरले. पाणी आणखी चार बोटं चढलं होतं. बाबा फायलींसह टेबलावर गेले होते. आईनं बादली भरली, फेकली, माझ्याकडे बघितलं.

"आई, बाबा," मी म्हणाले, "मी एक निर्णय घेतलाय."

"बोल," आई म्हणाली. आई ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. ती असं हळू 'बोल' म्हणते तेव्हा घाबरते.

"आपण आजपासून अक्कांकडे राहायला जातोय. गणपतीही तिथेच बसेल. त्यांना मी हो सांगून आलेय. म्हणजे तुम्हीच विचारायला पाठवलंय, असं सांगून आलेय."

खोलीतल्या पाण्याची खळखळ अजिबात नव्हती, एवढं मात्र करारात बसत होतं.

"किती दिवस?" बाबांनी टेबलावरून विचारलं.

"चर परत नीट खोदून होईपर्यंत!"

"आणि कोण खोदणार?"

"मीच की!"

आईनं बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले, कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून मोठी बॅग ओढली.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "स्वेटरसुद्धा घ्या."